भाड्याचं सॉफ्टवेअर, विकतचं सॉफ्टवेअर आणि माझा चुकलेला आलेख

एक आलेख तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेला असणार. आडव्या अक्षावर महिने, उभ्या अक्षावर एकूण खर्च. एक रेघ सुरुवातीलाच उंच जाते आणि मग सपाट चालत राहते. ते एकदाच पैसे भरून कायमचं घेतलेलं सॉफ्टवेअर. दुसरी शून्याजवळून निघून जिन्यासारखी चढत जाते. ते सबस्क्रिप्शन. दोन्ही रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे एक लाल टिंब, आणि खाली निष्कर्ष: इतक्या महिन्यांपेक्षा जास्त वापरणार असाल तर विकत घ्या, नाहीतर भाड्याने.

हा आलेख माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये होता. मला तो फार आवडायचा, कारण संपूर्ण सिनॉप्सिसमध्ये आकडे असलेलं तेवढं एकच पान होतं. आज मी त्याच्यावरच टीका करायला बसलेय. पेट पास होऊन विषय शोधत असलेल्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या कच्च्या आराखड्यात मला याच जातीचं काहीतरी दिसतं: दोन नावं, दोन रेघा, एक टिंब. ऑनलाइन की ऑफलाइन, घर घ्यावं की भाड्याने राहावं, काहीही असो. हिशेब बरोबर असतो. मग आरआरसीसमोर एक साधा प्रश्न येतो आणि सगळं कोसळतं. माझं कोसळलं तेव्हा माझे सात-आठ महिने गेले होते. तुमचे वाचले तर बरं.

विषय थोडक्यात सांगते. हौशी कलावंत, म्हणजे रविवारी किल्ल्यांचे फोटो काढणारे, रात्री घरातले सगळे झोपल्यावर गाणं रेकॉर्ड करणारे, मंडळाचं पोस्टर स्वतः बनवणारे, ज्यांचं पोट या कलेवर चालत नाही असे लोक सॉफ्टवेअरवर पैसे कसे खर्च करतात, हे मी बघतेय.

आधी तो हिशेब नीट मांडते, नाहीतर टीका हवेतली होईल. ॲडोबीचं लाइटरूम घेऊ. फोटो निवडायला, लावून ठेवायला, उजेड आणि रंग सुधारायला हौशी छायाचित्रकार ते वापरतात. कंपनीने मे २०१३ मध्ये जाहीर केलं की फोटोशॉपसकट तिचा संच यापुढे फक्त सबस्क्रिप्शनवर मिळेल. २०१२ ची सीएस६ ही विकत मिळणारी शेवटची आवृत्ती. लाइटरूम मात्र आणखी काही वर्षं सुटं विकत मिळत होतं. २०१५ मध्ये आलेल्या लाइटरूम ६ ची किंमत १४९ डॉलर होती. त्याच काळात फोटोशॉप आणि लाइटरूम मिळून छायाचित्रकारांची योजना महिना ९.९९ डॉलरला होती. १४९ ला ९.९९ ने भागा. पंधराव्या महिन्यात लाल टिंब. झालं!

आता यात काय काय चुकलंय ते बघा. सगळ्यात उघड चूक अशी की दोन्ही बाजूंना एकच वस्तू नाहीये. एका बाजूला फक्त लाइटरूम, दुसऱ्या बाजूला फोटोशॉपही. हे कोणीही पकडेल, मी तळटीप देऊन मोकळी झाले होते. दुसरी चूक जरा आतली आहे. सपाट रेघ खरं तर सपाट नाहीच. लाइटरूम ६ ला शेवटची सुधारणा डिसेंबर २०१७ मध्ये मिळाली. त्यानंतर बाजारात आलेल्या कॅमेऱ्यांच्या रॉ फाईल त्याला वाचता येत नाहीत. आधी दुसऱ्या फुकट प्रोग्रॅममधून त्या बदलून घ्याव्या लागतात. नोव्हेंबर २०१८ च्या शेवटी त्यातला नकाशाचा भागही बंद पडला, कारण तो बाहेरच्या नकाशा-सेवेवर चालायचा आणि ती जोडणी संपली. म्हणजे ‘कायमचं’ घेतलेलं सॉफ्टवेअर कपाटात जसंच्या तसं होतं, पण भोवतालचं जग पुढे सरकलं. आणि चढती रेघ? तीही एका उतारावर राहत नाही. जानेवारी २०२५ मध्ये हीच छोटी योजना नव्या ग्राहकांसाठी बंद झाली आणि महिन्याच्या महिन्याला पैसे भरणाऱ्या जुन्या ग्राहकांसाठी ९.९९ वरून १४.९९ डॉलरवर गेली. विकणाऱ्याच्या मर्जीने उतार बदलणारी रेघ तुम्ही पट्टीने काढू शकत नाही. मी काढली होती.

पण या सगळ्या दुरुस्त करता येण्यासारख्या चुका आहेत. आलेख थोडा वाकडा होईल, टिंब इकडचं तिकडे सरकेल, एवढंच. माझा आलेख कोसळला तो दुसऱ्याच प्रश्नाने.

सादरीकरणाची तालीम चालली होती. सरांनी स्लाइड बघितली आणि विचारलं, "अगं, हा माणूस दर महिन्याला फोटो काढतो का?"

मी म्हणाले, "सर, सरासरी धरलीये."

"कोणाची सरासरी? तू स्वतः कॅमेरा शेवटचा कधी बाहेर काढलास?"

दिवाळीत. आणि ही तालीम जूनमधली होती.

‘हौसेला मोल नाही’ असं आपण म्हणतो आणि सोडून देतो. संशोधकाला सोडून देता येत नाही, कारण हौसेला मोल असो-नसो, तिला वेळापत्रक नसतं हे मात्र खरं. पाऊस ओसरला की कॅमेरा बाहेर येतो, गणपतीत पोस्टर होतात, दिवाळीच्या सुट्टीत एखादं गाणं पुरं होतं, मग चार-पाच महिने काहीच नाही. मुलाची दहावी आली तर अख्खं वर्ष काही नाही. लग्नाचे फोटो काढणाऱ्या व्यावसायिकासाठी ‘महिना’ हे मोजण्याचं योग्य एकक आहे. तो सबस्क्रिप्शन दुकानाच्या भाड्यासारखं खर्चात टाकतो आणि गिऱ्हाइकाकडून वसूल करतो. त्याला ते सोयीचंही पडतं, एकदम मोठी रक्कम काढावी लागत नाही. माझ्या आलेखाचा आडवा अक्ष या माणसाचा होता, आणि मी त्यावर हौशी माणसाला उभं केलं होतं. संशोधनात याला विश्लेषणाचं एकक चुकणं म्हणतात. कोर्सवर्कमध्ये हा शब्द तुम्ही पाठ कराल. स्वतःच्या आलेखात तो दिसायला मात्र वेळ लागतो.

मग वाचन सुरू झालं, आणि तुम्हाला सांगण्यासारखा पहिला लेख इथे भेटला. स्टेफानो डेला विग्ना आणि उल्रिके माल्मेंडियर यांचा २००६ चा अभ्यास, अमेरिकेतल्या तीन व्यायामशाळांचा, ७,७५२ सभासदांचा, तीन वर्षांचा. महिन्याला ७० डॉलरच्या वर ठरावीक फी भरणारे सभासद सरासरी महिन्यातून ४.३ वेळा जात होते. म्हणजे एका फेरीला १७ डॉलरहून जास्त. त्याच व्यायामशाळेत दहा फेऱ्यांचा पास घेतला असता तर एक फेरी १० डॉलरला पडली असती. लोक मूर्ख नव्हते. आपण जास्त वेळा जाऊ, असं त्यांना मनापासून वाटत होतं. आणखी एक गोष्ट त्यात आहे: शेवटची फेरी आणि सभासदत्व रद्द करणं यांच्यात सरासरी दोन महिन्यांहून जास्त काळ गेला. हा लेख जरूर वाचा, विषय काहीही असला तरी. माणसं काय म्हणतात आणि काय करतात यातलं अंतर हजेरीच्या नोंदीतून कसं मोजायचं, हे इतकं साध्या रीतीने दाखवलेलं मी दुसरीकडे क्वचितच पाहिलंय.

मला वाटलं, सापडलं! व्यायामशाळेच्या जागी सॉफ्टवेअर टाकायचं, हजेरीच्या जागी वापर, की प्रबंध तयार. हा मोह तुम्हालाही होणार आहे, म्हणून इथे जरा थांबते. सॉफ्टवेअरमध्ये दहा फेऱ्यांचा पास सहसा नसतोच. बऱ्याचदा ‘महिना’ म्हणून जे दिसतं तो वर्षाचा करार असतो, फक्त हप्ते महिन्याचे. मध्येच सोडलं तर उरलेल्या हप्त्यांचा काही भाग भरावा लागतो. हा आकार नीट दाखवला जात नाही असा आरोप करून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जून २०२४ मध्ये ॲडोबीवर दावा लावला. ते न्यायालयाचं काम, आपण त्यात शिरू नये. आपल्याला एवढंच घ्यायचंय की व्यायामशाळेतला माणूस निवड चुकला, कारण त्याच्याकडे दुसरा पर्याय होता. हौशी छायाचित्रकाराकडे बऱ्याचदा तो नसतो.

आणि याहून मोठा फरक. व्यायामशाळा सोडलीत तर कमावलेले दंड तुमच्याकडेच राहतात. सॉफ्टवेअर सोडलंत की तुम्ही केलेलं काम त्याच्या आत राहतं. हा फरक मला पुस्तकात सापडला नाही, घरी सापडला.

माझे बाबा बँकेत होते. नोकरीबरोबर त्यांची एक हौस होती: आमच्या सोसायटीची गणपतीची स्मरणिका. अठ्ठ्याण्णव सालापासून अकरा अंक त्यांनी एकट्याने घरच्या कॉम्प्युटरवर जुळवले. पानजुळणीचं सॉफ्टवेअर विकत घेतलं होतं, आणि मराठी फॉण्टचंही पॅकेज घेतलं होतं. त्याबरोबर एक डोंगल यायचं, कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरच्या जागी लावायचं, ते लावल्याशिवाय फॉण्ट उठत नसत. सगळं रीतसर, कायमचं लायसन्स, बिल अजून फाईलला लावलेलं आहे. मग तो कॉम्प्युटर गेला. नव्या लॅपटॉपला ती मागची जागाच नव्हती. फाईल सीडीवर होत्या, सीडी वाचली जात होती, पण आत मजकूर म्हणजे नुसता कचरा: इंग्रजी अक्षरं, आकडे, टोप्या आणि ठिपके. कारण ते फॉण्ट युनिकोडच्या आधीचे. ‘क’ म्हणून जे दिसायचं ते आत दुसरंच काहीतरी चिन्ह होतं. एका कन्व्हर्टरमधून मजकूर कसाबसा निघाला, जोडाक्षरं तुटलेली, र-फार गायब. पानांची मांडणी गेली ती गेलीच. तीन अंकांच्या छापील प्रतीही कोणाकडे नाहीत. त्यातल्या एकात आमच्या आजीने सांगितलेल्या ओव्या होत्या.

आता माझ्या आलेखात हे बसवून दाखवा. बाबांची रेघ सपाट होती. लाल टिंब केव्हाच मागे पडलं होतं. आलेखाच्या हिशेबाने ते जिंकले होते.

ही गोष्ट घडली तेव्हा मी ‘विकत घेणं चांगलं, भाडं वाईट’ या बाजूची होते, आणि सबस्क्रिप्शनवर राग धरून प्रबंध लिहायला निघाले होते. राग हा विषय निवडायला चांगला, प्रश्न मांडायला वाईट. बाबांचा परवाना कायमचा होता. पण तो कशाचा? प्रोग्रॅम चालवण्याचा. तो चालायला लागणारं यंत्र, कुलूप आणि अक्षरांची सांकेतिक रचना यांच्याबद्दल त्या कागदावर एक शब्द नव्हता.

म्हणून आता माझी टीका एका वाक्यात सांगते: ‘सबस्क्रिप्शन’ आणि ‘कायमचं लायसन्स’ ही दोन चलं नाहीतच. ती गाठोडी आहेत, आणि आत काय बांधलंय ते प्रत्येक वेळी वेगळं निघतं. आत निदान एवढ्या गोष्टी तरी सुट्या करून पाहाव्या लागतात: पैसे थांबवल्यावर प्रोग्रॅम चालतो का, नव्या यंत्रावर पुन्हा चालू करायला कंपनीच्या सर्व्हरची परवानगी लागते का, जुनी फाईल उघडते का आणि दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये जाते का, नव्या सुधारणा मिळतात का, आणि यातलं काहीही एका बाजूने बदलायचा हक्क कोणाकडे आहे. सुटं केलंत की नावं किती फसवी आहेत ते दिसू लागतं.

फिनाले बघा. पाश्चात्त्य स्वरलिपी लिहायचं सॉफ्टवेअर, पस्तीस वर्षं चाललेलं, आणि तेही कायमच्या लायसन्सवर विकलेलं. २६ ऑगस्ट २०२४ ला मेकम्युझिक या कंपनीने ते बंद केल्याचं जाहीर केलं. पहिल्या घोषणेत असं होतं की वर्षभराने नव्या कॉम्प्युटरवर ते अधिकृत करता येणार नाही. म्हणजे लायसन्स कायमचं, पण तुमचा आत्ताचा कॉम्प्युटर जिवंत आहे तोवर! संगीतकारांनी इतका आरडाओरडा केला की कंपनीने लगेच ती अट मागे घेतली. तरी फाईलींचा प्रश्न उरतोच. त्या म्युझिकएक्सएमएल या खुल्या स्वरूपात काढून दुसरीकडे नेता येतात, पण स्वर जातात आणि पानावरची बारीक मांडणी बरीचशी जात नाही. बाबांच्या स्मरणिकेचंच झालं, फक्त सुरांच्या भाषेत.

उलट्या बाजूचं उदाहरण पुन्हा लाइटरूमचंच, आणि हे मी नाराजीने लिहितेय कारण माझ्या रागाला ते सोयीचं नाही. सबस्क्रिप्शन संपल्यावर लाइटरूम क्लासिक पूर्ण बंद होत नाही. फोटो सुधारण्याचा आणि नकाशाचा भाग बंद होतो, पण तुमचा संग्रह उघडतो, फोटो लावता येतात, केलेल्या सुधारणांसकट बाहेर काढता येतात. तिथे फोटोशॉप उघडतच नाही. कंपनी एक, योजना एक, बिल एक, आणि बाहेर पडायची दारं दोन वेगळ्या आकाराची. ‘सबस्क्रिप्शन’ या एका खान्यात मी दोघांना टाकलं होतं.

आणि ॲफिनिटी तर दोन्ही खान्यांच्या बाहेर गेलं. सेरिफ या ब्रिटिश कंपनीने २०१४ पासून ‘सबस्क्रिप्शन नाही’ हेच ब्रीद करून डिझाइनचं सॉफ्टवेअर विकलं. मार्च २०२४ मध्ये कॅन्व्हाने ती कंपनी घेतली. कायमची लायसन्स मिळत राहतील असं आश्वासन दिलं गेलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी आवृत्ती आली ती चक्क फुकट, मात्र कॅन्व्हाचं खातं हवं, आणि एआयची साधनं पैसे भरणाऱ्यांना. आता हे विकत आहे की भाड्याने? माझ्या आलेखात याची रेघ शून्यावरून चालली असती, म्हणजे सगळ्यात उत्तम. पण पैसे शून्य झाले म्हणून खात्याचं बंधन शून्य होत नाही. ते मोजायला माझ्याकडे अक्षच नव्हता.

कंपन्या हे का करतात याला पुस्तकी उत्तर आहे, ते पटकन सांगून पुढे जाते. रोनाल्ड कोस यांनी १९७२ मध्ये दाखवलं की टिकाऊ वस्तू विकणारा मक्तेदार स्वतःचाच प्रतिस्पर्धी होतो. आज विकलेली वस्तू उद्याही टिकते, उद्याचं गिऱ्हाईक कमी होतं, आणि तो भाव उतरवणार हे ओळखून लोक थांबतात. यातून सुटायचा एक मार्ग म्हणजे विकण्याऐवजी भाड्याने देणं. जेरेमी बुलो यांनी १९८२ मध्ये ते गणिताने मांडलं. सीएस६ घेऊन स्वस्थ बसलेला हौशी माणूस म्हणजे कोसच्या लेखातलं नेमकं संकट. वाचायला सुंदर, पण हा विकणाऱ्याच्या बाजूचा सिद्धान्त आहे. घेणाऱ्याचं काम त्या फाईलीत अडकतं, ही गोष्ट कोसला लागतच नाही. त्याचं उदाहरण जमिनीचं होतं.

आता आपल्याकडचं. परदेशी लेख वाचून प्रश्नावली बनवणाऱ्यांसाठी हा भाग.

अमेरिकन समीक्षक सर्रास लिहायचे: फोटोशॉप-इलस्ट्रेटरचं भाडं नको असेल तर ॲफिनिटी विकत घ्या. तुम्ही मंडळाचं पोस्टर करणारे असाल तर हा सल्ला कुचकामी होता. दुसऱ्या आवृत्तीपर्यंत त्यात देवनागरी नीट जुळत नसे. पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जायची, जोडाक्षरं सुटी व्हायची. म्हणजे ‘पर्याय’ या शब्दातच भाषा दडलेली आहे. इंकस्केपमध्ये, जे फुकट आणि खुलं आहे, ‘श्री’ सरळ उमटतो. तुमच्या अभ्यासातली माणसं मराठीत काम करत असतील तर तुलनेचा तक्ता परदेशी लेखातून उचलू नका. स्वतः ‘क्षत्रिय’ टाईप करून बघा.

आणि ज्याबद्दल सेमिनारमध्ये कोणी बोलत नाही ते. माझ्या पहिल्या पायलट प्रश्नावलीत विचारलं होतं: आपण कोणत्या प्रकारचं लायसन्स वापरता? एक, सबस्क्रिप्शन. दोन, कायमचं. तीन, इतर. ‘इतर’पुढे एकाने प्रामाणिकपणे लिहिलं: "दादाने टाकून दिलं." मी हसले आणि मग गप्प झाले. हौशी माणसाचं आपल्याकडचं खरं बजेट भाडं विरुद्ध विकत असं नसतंच बऱ्याचदा. ते फुकटचं क्रॅक विरुद्ध बाकी सगळं असं असतं. माझ्या आलेखात तिसरी रेघ हवी होती, अक्षावरच आडवी पडलेली, आणि तिच्याबद्दल लोक प्रश्नावलीत खरं सांगणार नाहीत. त्यात आपण गुगल फॉर्म बनवून कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सोडतो. तिथे ज्यांच्याकडे रीतसर आहे त्यांच्याकडे विद्यार्थी सवलतीतलं आहे, जे शिक्षण संपलं की महागणार. असा नमुना घेऊन ‘हौशी वापरकर्त्यांचं मत’ असं शीर्षक द्यायचं, हे मी केलंय. तुम्ही करू नका.

एक चांगली गोष्टही आपल्याकडे आहे, आणि कोणाला विषय हवा असेल तर घ्या. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांबद्दलचे नियम लागू झाले. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना, आणि ५,००० रुपयांच्या वरच्या रकमेला दर वेळी ओटीपीसारखी जादा पडताळणी. ही मर्यादा जून २०२२ मध्ये १५,००० झाली. त्या ऑक्टोबरात कित्येक परदेशी सबस्क्रिप्शन कार्डावरून कापलीच गेली नाहीत, बंद पडली. म्हणजे काय झालं, तर व्यायामशाळेतल्या त्या विसरलेल्या सभासदाला एके दिवशी दारात उभं करून विचारलं गेलं: "अजून हवंय का?" लक्ष नसल्यामुळे चालू राहिलेलं किती आणि खरोखर हवं म्हणून चालू राहिलेलं किती, हे वेगळं करायची संधी याहून चांगली मिळणं कठीण. अमेरिकेत आयनाव, क्लोपॅक आणि महोनी यांनी कार्ड बदललं जातं त्या महिन्यांवरून याच जातीचा अभ्यास केला आहे. पण सावध राहा. आपल्याकडे कित्येकांचं सबस्क्रिप्शन नको होतं म्हणून नव्हे, तर बँकेची व्यवस्था तयार नव्हती म्हणून बंद पडलं. पुन्हा न आलेल्या माणसाला कंटाळलेला म्हणायचं की वैतागलेला, हे नुसत्या व्यवहाराच्या नोंदीवरून कळणार नाही. त्याला भेटावं लागेल.

मी आता भेटतेय. सिनॉप्सिस नव्याने लिहिला, आलेख काढून टाकला, त्या जागी एक तक्ता आहे, दिसायला कंटाळवाणा. लाल टिंब नाही. आरआरसीतल्या एका सदस्यांनी विचारलंच, "मग शेवटी विकत घ्यावं की भाड्याने?" मी म्हणाले, "सर, कोणती फाईल, कोणासाठी आणि किती वर्षं, हे आधी सांगा." सर्वांना ते उत्तर आवडलं असं नाही. दुरुस्त्या सुचवून मंजूर झालं.

प्रश्नावलीतला ‘कोणतं लायसन्स’ हा प्रश्न आता शेवटून दुसरा आहे. पहिला प्रश्न असा: तुमची स्वतःची सगळ्यात जुनी फाईल कोणती, आणि ती तुम्ही शेवटची कधी उघडली होती? परवा नाशिकला एका निवृत्त शिक्षिकेकडे गेले होते, त्या भेटकार्डं बनवतात. प्रश्न वाचल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं, "थांब हं," म्हणाल्या, आणि आतून लॅपटॉप घेऊन आल्या. पुढचा पाऊण तास आम्ही २००९ ची फाईल उघडायचा प्रयत्न करत होतो.